कार्लाइलचं मैदान

१६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटवर शिक्कामोर्तब झालं. आपल्याकडे बातमी झाली ती तेवढीच. पण त्याच ठरावात आणखी चार खेळ होते. त्यांतला एक लॅक्रॉस, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ; दुसरा फ्लॅग फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं धक्काबुक्की वगळलेलं रूप. या दोन्ही खेळांचा इतिहास समजून घ्यायचा तर पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावातलं एक मैदान माहीत असायला हवं. आज ते लष्कराच्या ताब्यात आहे. त्याला ‘इंडियन फील्ड’ म्हणतात. इथे ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी.

हे मैदान होतं कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलचं. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये तिथल्या जुन्या बराकींत मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी ही निवासी शाळा काढली. ६ ऑक्टोबरच्या मध्यरात्री डकोटा प्रदेशातून लकोटा जमातीची ऐंशीहून जास्त मुलं आगगाडीतून उतरली. त्यांत ओता क्ते नावाचा मुलगा होता. वर्गात फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली होती. हातात छडी देऊन त्याला सांगितलं, यातलं एक निवड. ती अक्षरं म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नव्हतं. छडी जिथे टेकली तिथे ‘ल्यूथर’ लिहिलेलं होतं, तेव्हापासून तो ल्यूथर स्टँडिंग बेअर. केस कापले, घरचे कपडे काढून घेतले, मातृभाषा बोलायला बंदी केली. ‘त्याच्यातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा’, हे प्रॅटचं १८९२ मधलं वाक्य. त्याला ते मनापासून पटलेलं होतं, आणि म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो.

अमेरिकन फुटबॉल मुलांनी स्वतः मागून घेतला. एका सामन्यात खेळाडूचा पाय मोडल्यावर प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळायला मनाई केली होती. मुलं त्याच्याकडे गेली आणि परवानगीसाठी बोलली. त्याने दोन अटी घातल्या: समोरच्याने मारलं तरी ठोसा लगावायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत मोठ्या संघाला हरवून दाखवायचं. मुलांनी दोन्ही मान्य केल्या.

१८९९ मध्ये ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर प्रशिक्षक म्हणून आला. मधली काही वर्षं सोडली तर १९१४ पर्यंत तो तिथेच होता. कार्लाइलची मुलं अंगाने हलकी, समोर धिप्पाड कॉलेजकुमार. मग ताकदीच्या जागी वेग आणि युक्ती आली. १९०६ मध्ये चेंडू हाताने पुढे फेकण्याला नियमाने मुभा मिळाली, आणि पुढच्याच वर्षी कार्लाइलने त्या फेकीच्या जोरावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ असं हरवलं. आजचा अमेरिकन फुटबॉल ज्या लांब फेकीवर उभा आहे, तिला वळण लावणाऱ्यांत ही मुलं पहिल्या रांगेत होती.

१९०७ च्याच वसंतात जिम थॉर्प नावाचा साक-अँड-फॉक्स जमातीचा मुलगा कामाच्या कपड्यांत मैदानावरून चालला होता. उंच उडीवाल्यांची पट्टी ५ फूट ९ इंचांवर होती आणि कोणालाच ती जमत नव्हती. त्याने ‘मी बघू का?’ विचारलं आणि त्याच कपड्यांत ती पार केली. पाच वर्षांनी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन (पाच मैदानी प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) यांची सुवर्णपदकं जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कार्लाइलने वेस्ट पॉइंटच्या लष्करी संघाला २७-६ ने हरवलं. समोरच्या संघात पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर होता. वुंडेड नी इथे लष्कराने लकोटांची कत्तल केली त्याला तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती.

मोठे सामने मात्र घरच्या मैदानावर क्वचितच होत. तिकिटांचा पैसा फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बॉस्टनकडे होता, म्हणून संघ सतत आगगाडीत. घरी यायचे ते लेबनन व्हॅली, ऑलब्राइट यांसारखे छोट्या कॉलेजांचे संघ. गोळा झालेल्या पैशांतून शाळेत इमारती उभ्या राहिल्या. तो पैसा हाताळत होता मुख्यतः वॉर्नर, आणि त्याचा हिशोब कोणी मागत नव्हतं. अखेर विद्यार्थ्यांनीच सह्या करून चौकशी मागितली. १९१४ मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची समिती आली, तेव्हा मारहाण आणि अपुरं जेवणही चव्हाट्यावर आलं. मुख्याधिकाऱ्याचं पद गेलं, वॉर्नरनेही शाळा सोडली.

आणि लॅक्रॉस? तो या मैदानावर आला १९१० मध्ये, बेसबॉलच्या जागी. उन्हाळ्यात पैसे घेऊन बेसबॉल खेळायला मुलं जातात, ही वॉर्नरची तक्रार होती. (थॉर्पची पदकं पुढे गेली ती याच उन्हाळी बेसबॉलच्या किरकोळ मानधनापायी, कारण पैसे घेऊन खेळणाऱ्यांना तेव्हा ऑलिंपिकमध्ये बंदी होती. दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव परत लागायला २०२२ उजाडलं.) पण लॅक्रॉस काही शाळेने शोधलेला खेळ नव्हता. हॉडेनोसोनी (इरोक्वॉय) या मूळ रहिवाशांच्या जमातींच्या संघासाठी ती निर्मात्याची देणगी. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही ते खेळतात. हिकरीचं लाकूड वाफेवर वाकवायचं आणि त्याला हरणाच्या कातड्याची जाळी विणायची, अशी ती काठी. माँट्रियलच्या जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकात नियम लिहिले, रबरी चेंडू आणला, आणि १८८० मध्ये कॅनडाच्या संघटनेने मूळ रहिवाशांच्या संघांनाच अजिंक्यपदातून बाहेर काढलं. ज्या शाळेत आईची भाषा बोलायला बंदी, तिथे आजोबांचा खेळ कॉलेजांच्या वेळापत्रकातून परत आला. त्या काठ्या हातात घेताना मुलांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९१८ मध्ये शाळा बंद झाली आणि तिथे पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी रुग्णालय आलं. १९५१ पासून तिथे आर्मी वॉर कॉलेज आहे. एकोणचाळीस वर्षांत १४० हून अधिक जमातींची सुमारे ७,८०० मुलं तिथे आली. १८० हून अधिक मुलं तिथेच पुरली गेली. २०१७ पासून लष्कर त्यांचे अवशेष घरच्यांच्या स्वाधीन करतं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये शाळेच्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

हॉडेनोसोनींचा संघ १९९० पासून लॅक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत आपल्याच झेंड्याखाली उतरतो. लॉस एंजेलिसलाही तसंच उतरता यावं, अशी त्यांची मागणी आहे. खेळाडूंनी अमेरिका किंवा कॅनडाच्या संघातून खेळावं, असं ऑलिंपिक समितीचं उत्तर आहे.