कूक सामुद्रधुनीच्या फेरीवर मोटरहोम नेणं

न्यूझीलंडचं उत्तर बेट आणि दक्षिण बेट यांच्यामध्ये पूल नाही, बोगदा नाही, त्यामुळे मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन अख्खा देश फिरायचा तर उत्तर बेटावरच्या वेलिंग्टनपासून दक्षिण बेटावरच्या पिक्टनपर्यंत गाड्या नेणारी फेरी बोट घ्यावीच लागते. स्टेट हायवे १ वेलिंग्टनला येऊन थांबतो आणि पिक्टनहून पुढे सुरू होतो. मधली कूक सामुद्रधुनी, माओरी नाव ते मोआना-ओ-राउकावा, सगळ्यात अरुंद जागी साधारण २२ किमी आहे, पण बोटीचा मार्ग जवळपास ९२ किमी आणि वेळ साडेतीन तासांच्या आसपास, कारण बोट बंदरातून बाहेर पडून खुला समुद्र कापते आणि मग टोरी चॅनलच्या चिंचोळ्या तोंडातून मार्लबरो साउंड्स, म्हणजे समुद्राचं पाणी शिरलेल्या दऱ्या, यांच्या डोंगरांमध्ये शिरते. १६४२ मध्ये डच दर्यावर्दी टास्मन इथून गेला तेव्हा त्याला हा नुसता उपसागर वाटला होता, ही आरपार वाट आहे हे युरोपियनांना १७७० मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कूकमुळे कळलं.

गाड्या आणि रेल्वेचे डबे थेट आत चढवणारी पहिली बोट, अरामोआना, या मार्गावर १९६२ मध्ये आली. आता दोन सेवा आहेत, किवीरेल या सरकारी रेल्वे कंपनीची इंटरआयलंडर आणि दुसरी ब्लूब्रिज. रेल्वेचे डबे आत घेणारी अराटेरे ही शेवटची बोट ऑगस्ट २०२५ मध्ये सेवेतून गेली, नव्या दोन बोटी २०२९ मध्ये यायच्या आहेत, तोवर आहे त्याच बोटींवर सगळा भार, म्हणून बुकिंग लवकर करणं आता आधीपेक्षाही महत्त्वाचं. डिसेंबर-जानेवारीत तिकडे उन्हाळा, ख्रिसमस आणि शाळांची सुट्टी सगळं एकदम येतं. ऑस्ट्रेलियात किंवा ऑकलंडमध्ये राहणारी आपली मराठी कुटुंबंही साहजिकच तेव्हाच निघतात, आणि मोठ्या गाडीची जागा सगळ्यात आधी संपते. आधी फेरीची तारीख पक्की करावी आणि मग बाकीचा प्लॅन तिच्याभोवती बसवावा, उलटं केलं की अडकायला होतं.

भाडं गाडीच्या लांबीवर ठरतं. ही लांबी म्हणजे पुढच्या बंपरपासून मागे जे काही शेवटचं टोक असेल तिथपर्यंत, म्हणजे सायकलचा रॅक आणि टो-बार (मागे काही ओढायचा दांडा) सुद्धा धरून. दोघांची छोटी कॅम्परव्हॅन आणि सहा जणांची सात मीटरच्या वरची गाडी यांच्या भाड्यात चांगलाच फरक पडतो. भाड्याने घेतलेली गाडी असेल तर कंपनीकडून लांबी आणि उंची लिहूनच घ्यावी, अंदाजाने भरू नये, आणि गाडी बोटीवर न्यायची परवानगी आहे ना, इन्शुरन्स लागू राहतो ना, हेही त्याच वेळी विचारून ठेवावं.

कोकणात दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडल्याला आपण जेट्टीवर गाडी चढवतो आणि वाटलं तर गाडीतच बसून पलीकडे जातो. इथे तसं नाही. गाड्यांचं चेक-इन बोट सुटायच्या तासभर आधी बंद होतं, घरातली सगळी माणसं गाडीतच बसून रांगेत थांबतात, मग कर्मचारी हाताने खुणा करून एकेक गाडी आत घेतात. मोटरहोम उंच, म्हणून ती सहसा ट्रकांच्या सोबत लागते. रॅम्पवर अगदी हळू जायचं, लांब गाडीचा मागचा भाग तिथे खाली टेकू शकतो. आत लागली की हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवायची आणि अलार्म बंद करायचा, नाहीतर बोट हलली की तो वाजत बसतो. मग वर जायचं. प्रवास सुरू असताना खाली गाडीपाशी येता येत नाही, त्यामुळे औषधं, बाळाचं सामान, स्वेटर, खाण्याचा डबा, फोनचा चार्जर जे काही लागेल ते एका पिशवीत आधीच काढून ठेवावं आणि आपला डेक कुठला ते लक्षात ठेवावं.

सगळ्यात महत्त्वाचा गॅस. मोटरहोममध्ये एलपीजीची बाटली असते आणि ती मुख्य नॉबलाच बंद करायची, नुसती शेगडी बंद करून चालत नाही. बाहेरच्या बाजूला बाटलीचं छोटं कपाट असतं, ते उघडून नॉब फिरत नाही तोपर्यंत आवळायचा, आणि हे रांगेत उभं असतानाच करून टाकावं. फ्रिज गॅसवर चालत असेल तर तोही बंद होतो, पण साडेतीन तास दार न उघडता ठेवला तर दूध, दही, इडलीचं पीठ काही बिघडत नाही. कपाटांच्या कड्या, छताची खिडकी, ओट्यावरचा कुकर, सगळं एकदा बघून घ्यावं.

इथला समुद्र साधा नाही. चाळीस अक्षांशांवरचं जोरदार पश्चिमी वारं दोन बेटांच्या डोंगरांमधून दाबून निघतं, दक्षिणेकडून लाटाही येतात, त्यामुळे फेऱ्या रद्द होतात किंवा तासन्तास उशिरा सुटतात. १० एप्रिल १९६८ ला वादळात वेलिंग्टन बंदराच्या तोंडाशी वाहिने ही फेरी खडकावर आदळून बुडाली, त्या दिवशी ५१ माणसं गेली. ती दक्षिण बेटावरच्याच लिटल्टन बंदरातून येत होती, पिक्टनहून नाही, पण फेरीचा विषय निघाला की तिथले लोक आजही तिची आठवण काढतात. म्हणून पलीकडच्या विमानाच्या आणि फेरीच्या मध्ये निदान एक दिवस मोकळा सोडावा. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, बोटीच्या मधल्या भागात बसावं आणि क्षितिजाकडे बघत राहावं. टोरी चॅनलमध्ये शिरलं की पाणी शांत होतं.

अजून एक गोष्ट मनापासून पाळावी. दक्षिण बेटाच्या नद्यांमध्ये २००४ मध्ये डिडिमो हे शेवाळ सापडलं आणि उत्तर बेट अजून त्यापासून वाचलेलं आहे, उलट उत्तरेत वायकाटो नदीत २०२३ मध्ये परकी गोड्या पाण्यातली शिंपली सापडली. दोन्ही एका थेंबातून पसरू शकतात, म्हणून कयाक, मासेमारीचे बूट, पोहण्याचे कपडे चढण्याआधी तपासून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्यायचे.

शक्यतो दिवसाची फेरी घ्यावी, साउंड्स अंधारात काहीच दिसत नाहीत. रात्री पिक्टनला उतरणार असाल तर जवळच्याच हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे मोटरहोम लावून राहायच्या जागी, जागा आधी बुक करून ठेवावी, उशिरा येतोय हे कळवावं, आणि हॅवलॉककडे जाणारा क्वीन शार्लट ड्राइव्ह हा वळणावळणाचा रस्ता सकाळसाठी ठेवावा.