तीन तिगाडा आणि खिशातली सुपारी

मागच्या महिन्यात मी, माझा चुलतभाऊ आणि त्याचा एक मित्र असे तिघं नागपुरात बेसा रोडकडे एक सेकंडहँड गाडी पाहायला निघालो होतो. चपला घालेपर्यंत काकूनं आतून आवाज दिला, "तिघं जाऊन राहिले का बे? थांबा." आणि एक सुपारी आणून माझ्या हातात ठेवली. चौथी म्हणून. तीन तिगाडा, काम बिगाडा. आता काकू राहते त्रिमूर्ती नगरात, श्रावण सोमवारी महादेवाला वाहायचा बेल तीन पानांचाच लागतो, एक पान तुटलं असेल तर बाजूला काढून ठेवते, तिथं तीन शुभ आणि गाडी पाहायला जाताना अशुभ हे कसं काय असं विचारलं तर "तुले लय अक्कल आली" म्हणून विषय संपला.

सुपारीनं काही होत नाही, ती मत देत नाही आणि भांडणही सोडवत नाही. पण मला गंमत वाटते ती वेगळीच. तिघांत काम बिघडतं हे आपल्या लोकांचं निरीक्षण अगदीच हवेतलं नाहीये. दोघांत जे घडूच शकत नाही असं बरंच काही तिसरा माणूस आल्याबरोबर घडायला लागतं, आणि ते का याचं उत्तर एका जर्मन माणसानं 1908 मध्येच पुस्तकात लिहून ठेवलं होतं. ग्रह नाही, अंक नाही, नुसती रचना.

आधी समूह आणि रचना या दोन शब्दांचा घोळ काढून टाकू, पटकन. शनिवारी संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते, ती गर्दी. ते लोक एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांचं आपसात काही देणंघेणं नाही, पाऊस आला की पांगतात. विदर्भातले सगळे संत्रा उत्पादक, हा झाला एक वर्ग, म्हणजे आपण कागदावर केलेली मोजणी. समाजशास्त्रात समूह म्हणतात तो यापेक्षा वेगळा, तिथं माणसं एकमेकांचा विचार करून वागतात आणि कोण आपलं कोण बाहेरचं हे त्यांना माहीत असतं. आणि रचना म्हणजे त्या माणसांमधली नाती, जागा, कोणी कोणाचं ऐकायचं, हा सगळा सांगाडा. माणसं तीच ठेवून सांगाडा बदलला तरी वागणं बदलतं. आपण मात्र "तो स्वभावानंच तसा आहे" म्हणून मोकळे होतो.

तर तो जर्मन माणूस म्हणजे समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल. 1858 साली बर्लिनमध्ये जन्म. त्याच्या व्याख्यानांना बर्लिन विद्यापीठात तोबा गर्दी व्हायची पण ज्यू असल्यामुळे वगैरे त्याला पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते थेट 1914 मध्ये, तेही स्ट्रासबर्गला, आणि 1918 मध्ये तो गेला. आयुष्यभर आत असूनही बाहेर राहिलेला माणूस, म्हणूनच बहुतेक त्याला हे दिसलं असावं असं मला आपलं वाटतं.

तो म्हणतो दोघांचा समूह ही एक अजब चीज आहे. दोघांपैकी एक उठून गेला की समूहच संपला, मागं काही उरत नाही. त्यामुळे दोघांनाही कायम माहीत असतं की हे आपल्या जिवावर टिकलेलं आहे. तिथं बहुमत नाही. "सगळ्यांचं ठरलं बुवा, मी काय करू" असं म्हणून अंग काढता येत नाही, कारण सगळे म्हणजे कोण, समोरचा आणि तू. आता तिसरा आणा. एक गेला तरी समूह राहतो. दोन विरुद्ध एक होऊ शकतं. आणि समूह ही माझ्या बाहेरची, माझ्यावर दबाव आणणारी गोष्ट पहिल्यांदा तयार होते. झिमेलच्या मते एकाचे दोन होणं आणि दोनाचे तीन होणं या खऱ्या उड्या, तिनाचे चार झाले तर तेवढा फरक पडत नाही. म्हणजे काकूची सुपारी खरंच माणूस झाली असती तरी विशेष उपयोग नव्हता.

तिसऱ्याला तीन कामं करता येतात. एक, मध्यस्थी. नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे आणि सहा वर्षांचा पोरगा "बाबा, आई म्हणते जेवायला या" असं सांगून राहिला, हे सगळ्यांच्या घरी झालेलं आहे. दोन, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ. झिमेलनं याला लॅटिन नाव दिलंय, त्याचा अर्थ खूश झालेला तिसरा. आपल्याकडे म्हण आधीच होती. तीन, तिसऱ्यानं मुद्दाम भांडण लावून देणं, फोडा आणि राज्य करा, ते इंग्रजांमुळे आपल्याला पाठ आहे.

यातलं दुसरं बघायचं असेल तर कळमना मार्केटला संत्र्याच्या सीझनमध्ये जा. शेतकरी आणि एकच व्यापारी असेल तर दोघांचा मामला, माल नाशवंत, परत न्यायचा तर गाडीभाडं डोक्यावर, म्हणजे शेतकरी दबलेला. त्याच ढिगासमोर दुसरा खरेदीदार उभा राहिला की शेतकरी बदलला नाही, संत्रा बदलला नाही, पण आता दोघं एकमेकांवर बोली चढवतात आणि शेतकरी तिसरा होतो. लिलाव म्हणजे हेच यंत्र, मुद्दाम बांधलेलं. आणि दोघा खरेदीदारांनी आधीच चहावर "तू आज घे, मी उद्या" ठरवून घेतलं तर यंत्र मोडतं, कारण दोन विरुद्ध एक झालं. तिघं तेच, फक्त गट कोणाचा कोणाशी हे बदललं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, थोडं गणित आहे, जीव धरून राहा. 1956 मध्ये थिओडोर कॅप्लो नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं विचारलं की तिघांची ताकद कमीजास्त असेल तर युती कोणाची होईल? समजा ताकद 4, 3 आणि 2. चारवाला सगळ्यात मोठा, पण बाकी दोघं मिळून 5, म्हणजे त्याच्यापेक्षा जास्त. 1957 मध्ये विनाके आणि आर्कॉफ या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांकडून हे खेळवून पाहिलं, आणि खेळ कोणता, तर आपली पचिसी! म्हणजे पट पचिसीचा, नियम बदललेले, प्रत्येकाला एक वजन दिलेलं आणि फासा पडला की आकडा गुणिले वजन इतकी घरं पुढं जायचं, वाटेत कोणाशीही हातमिळवणी करायची मुभा. 4-3-2 मध्ये सगळ्यात जास्त वेळा हातमिळवणी केली 3 आणि 2 वाल्यांनी. सगळ्यात तगडा तो बाहेर बसला.

असं का? 1961 मध्ये विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञानं याचा सुटसुटीत हिशोब मांडला. प्रत्येकजण धरून चालतो की बक्षीस आपापल्या वजनाच्या प्रमाणात वाटलं जाईल. बक्षीस 100 रुपये. दोनवाला चारवाल्याकडे गेला तर त्याला 6 पैकी 2 चा वाटा, म्हणजे 33 रुपये. तीनवाल्याकडे गेला तर 5 पैकी 2, म्हणजे 40. तीनवाला चारवाल्याकडे गेला तर 7 पैकी 3, साधारण 43, आणि दोनवाल्याकडे गेला तर 60. दोघांनाही एकमेकांकडेच जास्त मिळतं. चारवाल्यालाही दोनवालाच हवा असतो, तिथं त्याला 67, पण त्याला कोणी विचारत नाही. म्हणजे सगळ्यांना हवा असलेला माणूस कोण, तर सगळ्यात कमजोर. मात्र वजनं 4-2-1 करा, बाकी दोघं मिळूनही 3 च होतात, मग त्यांच्या युतीला अर्थ नाही आणि मोठा निवांत. दोनवाल्याची किंमत त्याच्यात नसते, बाजूच्या दोघांच्या वजनात असते. आघाडी सरकारात लहान पक्षाला एवढा भाव का, याचं उत्तर शोधायला चाणक्यापर्यंत जायची गरज नाही.

माणसं वाढली की हे जाळं भलतंच फुगतं. 24 फ्लॅटच्या स्कीममध्ये घरटी एक माणूस धरला तर जोड्या होतात 276 आणि तिघांचे त्रिकोण 2024. एवढ्या त्रिकोणांची मर्जी कोण सांभाळणार? म्हणून समूहाची संघटना होते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मिटिंगचं इतिवृत्त, पावतीपुस्तक. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानं नोकरशाहीबद्दल सांगितलं ते हेच, काम माणसाला नाही, पदाला चिकटवायचं आणि लेखी ठेवायचं. फायदा असा की माणसं गेली तरी गाडा चालतो. नागपूरची काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीनं नेऊन जाळायचा पुतळा, 1881 पासून निघते, पहिल्या वर्षीचं आज कोणी नाही, तरी तान्ह्या पोळ्याला इडा पिडा घेऊन जायला ती रस्त्यावर येतेच. तोटा रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञानं 1911 मध्ये लिहिला, की संघटना कितीही लोकशाहीवादी असो, शेवटी सूत्रं मूठभर लोकांच्या हातात जातात. ज्याच्याकडे रजिस्टर त्याच्याकडे सत्ता, सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलेल्यांना हे सांगायला नको.

आणि हो, या सगळ्यावर "टीममध्ये पॉझिटिव्ह एनर्जी आणा" म्हणून फी घेऊन सेमिनार करणारे लोक आहेत. काकू निदान सुपारी फुकट देते.

तर गाडी. भाऊ पैसे देणार होता आणि त्याला ती आवडली होती. मित्राला गाड्यांमधलं कळतं, त्यानं खाली वाकून गंज दाखवला आणि नको म्हणाला. मी नुसता सोबत, मला क्लच आणि ब्रेक यापलीकडे काही समजत नाही, वजन 2 सुद्धा जास्तच झालं. दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. गाडीच्या मालकाला झिमेल माहीत असण्याचं कारण नव्हतं, तरी त्यानं चहा सगळ्यात आधी माझ्यासमोर ठेवला आणि "दादा, तुम्हीच सांगा आता" म्हणाला. मी गंजाच्या बाजूनं गेलो. भाऊ येताना रस्ताभर बोलला नाही.

घरी आल्यावर काकूनं विचारलं, "घेतली का?"

"नाही."

"सुपारी हातात होती का खिशात?"

"खिशात."

"मंग कसं होईन?"