साखळी जड आहे, मग स्नबर कशाला?

शिडाच्या बोटी चालवणाऱ्यांत एक समज जुना आहे: नांगराची साखळी पूर्ण लोखंडी असेल तर तिचा झोळच धक्के पचवतो, स्नबर, म्हणजे साखळी आणि बोट यांच्यामध्ये बांधायचा ताणणारा दोर, ही नुसती हौस. मंद वाऱ्यात हे खरं आहे, म्हणूनच तो समज टिकला.

आता हिशेब करू. १० मिलिमीटरची साखळी पाण्यात मीटरमागे साधारण २ किलो भरते. नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) समुद्रतळापर्यंत ६ मीटर, सोडलेली साखळी ३० मीटर. सुमारे १४५ किलोच्या ओढीला तळावरची शेवटची कडीही उचलली जाते. त्यानंतर साखळी पूर्ण ताठ होईपर्यंत बोटीला मागे सरकायला उरतात जेमतेम २० सेंटिमीटर! वादळी वाऱ्यात मध्यम यॉट याहून कितीतरी जास्त ओढते. मग प्रत्येक लाटेचा हिसका थेट नांगराला आणि विंडलासला, म्हणजे साखळी ओढून घेणाऱ्या यंत्राला, बसतो. विंडलास मुळात असा भार पेलायला नसतोच.

नायलॉनचा तीनपदरी १० मीटर दोर मात्र जोरात सहज मीटरभर ताणतो. तो रोलिंग हिच या गाठीने किंवा हुकने साखळीला जोडायचा, दुसरं टोक नाळेवरच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला), आणि मधली साखळी सैल सोडायची. ती सैल राहिली नाही तर सगळा खटाटोप फुकट.

‘जाड दोर म्हणजे सुरक्षित’ हेही तसंच. फार जाड दोर ताणतच नाही. बारीक निवडा, घासतो तिथे नळीचं आवरण चढवा. तुटलाच तर खाली साखळी आहेच.