सहा इनिंग, तीन रन: ‘क्वालिटी स्टार्ट’ची पार्श्वभूमी

१९०४ साली न्यू यॉर्कच्या एका बेसबॉल पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, ५१ सामने सुरू केले आणि त्यातले ४८ स्वतःच संपवले. त्या काळी स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) ‘किती वेळ टिकला’ हा प्रश्नच नव्हता. १९६८मध्येही सेंट लुइसच्या एकाने ३४पैकी २८ सामने पूर्ण टाकले, तेही दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, १.१२ रनच्या सरासरीने. त्या मोसमात पिचर इतके वरचढ ठरले, की पुढच्या वर्षी माउंडची (पिचर ज्यावरून चेंडू टाकतो त्या उंचवट्याची) उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली.

एका सामन्यातली कामगिरी मोजायची तर हाताशी मुख्यतः जय-पराजयाची नोंद होती. जय नावावर लागायला स्टार्टरने पाच इनिंग टाकायला हव्यात, हे १९५०मध्ये नियमात आलं. पण आपल्या बॅटरनी हात टेकले तर एकच रन देणाराही पराभूत. याला उतारा म्हणून १९८५मध्ये फिलाडेल्फियाच्या एका बेसबॉल वार्ताहराने ‘क्वालिटी स्टार्ट’ ही संज्ञा आणली: किमान सहा इनिंग आणि जास्तीत जास्त तीन अर्न्ड रन.

वाद तेव्हापासूनचा आहे. सहा इनिंगमध्ये तीन रन म्हणजे सरासरी ४.५०, आणि याला ‘क्वालिटी’ म्हणायचं? दुसरीकडे, नऊच्या नऊ इनिंग टाकून चार रन देणाऱ्याची सरासरी ४.०० भरते, तरी तो व्याख्येबाहेर. आक्षेप गणिताने बिनचूक आहे, पण मला तो थोडा लबाड वाटतो. जेमतेम काठावर पास होणारे स्टार्ट थोडेच असतात. सगळे क्वालिटी स्टार्ट एकत्र धरले तर सरासरी दोनच्या आसपास येते. क्रिकेटमध्ये १४० धावा मोजून घेतलेले पाच बळीही ‘पाच बळी’च असतात, म्हणून ती खूण कुणी मोडीत काढत नाही. आणखी एक गुंता ‘अर्न्ड’ या शब्दाचा. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे आलेले रन वगळले जातात, आणि ती चूक होती की नाही हे ठरवतो स्कोअरर. म्हणजे पिचरचा शिक्का काही वेळा तिसऱ्याच माणसाच्या हातात.

२०१८मध्ये न्यू यॉर्कच्याच दुसऱ्या एका पिचरने मोसमाचे शेवटचे सलग २४ स्टार्ट या व्याख्येत बसवले. सरासरी १.७०, तरी जय-पराजय १०-९. सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार त्यालाच मिळाला; जयाच्या आकड्याचा दरारा तिथे उरला नव्हता.

पण त्याच वर्षी मे महिन्यात टँपा बेच्या संघाने एका रिलीव्हरला (एरवी स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरला) फक्त पहिल्या इनिंगपुरता उतरवलं. ‘ओपनर’ची ही चाल पुढे इतरांनीही उचलली. बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की त्याला पिचरचा अंदाज आलेला असतो, हे आकडे सांगत होते. सहा इनिंगची अट या हिशेबाच्या आड येऊ लागली.

२७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना. त्याच टँपा बेचा स्टार्टर सहाव्या इनिंगमध्ये १-०ने पुढे: ७३ चेंडू, दोन हिट (बॅटरने फटका मारून बेस गाठणं), नऊ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट). पुढच्या तीन बॅटरना त्याने तोवर सहाही वेळा स्ट्राइकआउट केलं होतं. दुसरी हिट बसताच मॅनेजर माउंडवर आला आणि चेंडू काढून घेतला. नवा पिचर आला आणि त्याच इनिंगमध्ये दोन रन गेले. सामना ३-१ने गेला, सिरीजही. स्टार्टरच्या नोंदीत सव्वापाच नव्हे, पाच पूर्णांक एक तृतीयांश इनिंग, कारण एका इनिंगचे आउट तीन. क्वालिटी स्टार्टला दोन आउट कमी.