राखेखालचा विस्तव

चुलीच्या काळात घरची बाई रात्री निजताना विस्तव विझवत नसे. दोन-चार निखारे राखेत पुरून ठेवी. सकाळी राख बाजूला सारायची, फुंकणीने फुंकायचं, की चूल पेटली. तेवढीच काडी वाचली. होळीच्या खड्ड्यात रात्रभर हेच चालतं. मात्र सकाळी तिथे फुंकणी येत नाही, पोराचा अनवाणी पाय येतो.

राखेच्या कणाकणांत हवा अडकलेली असते, त्यामुळे तिच्यातून उष्णता फार सावकाश बाहेर पडते. खालच्या निखाऱ्याला प्राणवायूही बेताचाच मिळतो, म्हणून तो भरभर जळून संपत नाही, नुसता धुमसत राहतो. वरून ना धूर, ना लाली. गंमत म्हणजे धुळवडीला याच होळीवर हंडा ठेवून अंघोळीचं पाणी तापवतात! हंडा उतरवला की मात्र होळी ‘विझलेली’ ठरते.

लाल निखारा ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे असतो. कातडी पोळायला इतकं लागतच नाही. ६० अंशांच्या पाण्याने साधारण ५ सेकंदांत खोल भाजतं. ७० अंशांना एक सेकंदही पुरतो. त्यात मुलांची कातडी पातळ. पाय राखेत रुततो, बोटांच्या बेचक्यांत गरम राख भरते, आणि पाय बाहेर काढला तरी पोळणं चालूच राहतं. जखम फार खोल असेल तर वेदना नेणाऱ्या नसांची टोकंच जळून जातात आणि तिथे दुखत नाही. ‘रडत नाही, म्हणजे फारसं झालं नसेल’ असं म्हणून घरी थांबू नये.

खड्ड्यावर माती लोटून मोकळं होणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. माती म्हणजे राखेवर आणखी एक गोधडी. आता तर खाली विस्तव आहे हेही कळत नाही. पाणीच हवं, भरपूर, आणि मधूनमधून लांब काठीने ढवळून. पहिली बादली जरा दुरून ओता, वाफेबरोबर गरम राख उसळते.

पाय पोळलाच तर टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतलं काही लावू नका. नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली पाय २० मिनिटं धरा. २० मिनिटं म्हणजे घड्याळ लावून. पोर वैतागेल, धरून ठेवा. सूज चढण्याआधी पैंजण उतरवा. मग स्वच्छ फडकं सैल गुंडाळून डॉक्टरकडे न्या. खोल जखमेचा व्रण आक्रसतो, पाय मात्र वाढत असतो. बोटं वाकडी होतात ती पुढच्या काही महिन्यांत.