न्यायवैद्यक मनोविकारशास्त्राचे प्रशिक्षण (कोकण)

न्यायवैद्यक मनोविकारशास्त्र ही मनोविकारांच्या ज्ञानाचा न्यायनिवाड्यासाठी उपयोग करणारी वैद्यकाची उपशाखा आहे. आरोपीला खटला समजतो का, गुन्ह्याच्या क्षणी तो भानावर होता का, मृत्युपत्र करणाऱ्याची बुद्धी शाबूत होती का, असे प्रश्न तिच्याकडे येतात. अमेरिकेत मनोविकारशास्त्राच्या प्रशिक्षणानंतर यासाठी एक वर्षाची फेलोशिप असते. भारतात एम.डी.च्या तीन वर्षांत या विषयाला थोडीच जागा मिळते आणि पुढचे खास शिक्षण बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेसारख्या मोजक्या संस्थांतच होते. जिल्ह्याच्या गावी काम करणारा डॉक्टर मग बरेचसे साक्षीच्या पिंजऱ्यातच शिकतो, आणि त्याच्या शिकण्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

प्रशिक्षणातला सर्वांत अवघड धडा म्हणजे आजार आणि कायद्यातील मनोविकलता यांतला फरक. भारतीय दंड संहितेचे कलम ८४ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २२ झाले, पण कसोटी तीच राहिली : कृत्य करताना मनोविकलतेमुळे आरोपीला त्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर वा बेकायदा आहे हे, कळत नव्हते का? या कसोटीचे मूळ इंग्लंडमधील १८४३ च्या मॅकनॉटन नियमांत आहे. डाह्याभाई ठक्कर खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने कृत्याची वेळच निर्णायक मानली. डॉक्टर मात्र आरोपीला भेटतो तो कित्येकदा महिन्यांनंतर, औषधे सुरू झाल्यावर. ‘स्किझोफ्रेनिया आहे’ एवढे लिहून थांबलेला अहवाल न्यायालयाच्या फारसा कामाचा नसतो. घटनेच्या आधीचे दिवस, जुने केसपेपर, घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे सांगणे, कृत्यानंतर तो पळाला की तिथेच बसून राहिला, यांतून तो क्षण पुन्हा उभा करावा लागतो.

कोकणात या कामाचे जुने केंद्र म्हणजे रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय. त्याची स्थापना १८८६ ची. येथे तपासणाऱ्याला पुस्तकाबाहेरचेही बरेच यावे लागते. देवळात अवसर येणे, म्हणजे अंगात देव येणे, हा आजार नव्हे. गाव तो ओळखतो, त्याची वेळ आणि जागा ठरलेली असते. पण ‘माझ्यावर करणी केली’ या समजुतीतून कुणी शेजाऱ्यावर कोयता उगारला, तर ती गावाची श्रद्धा की त्या एकट्याचा भ्रम, हे मालवणी किंवा संगमेश्वरी बोली नीट समजणाऱ्यालाच उकलेल. मिरकरवाडा बंदरातल्या नेपाळी खलाशाची तपासणी दुभाष्याविना करणे तर अन्यायच ठरेल.

तपासणीपूर्वी आरोपीला एक गोष्ट स्पष्ट सांगायची असते : हा उपचार नव्हे, तुम्ही सांगाल ते न्यायालयात जाऊ शकते. डॉक्टर दिसला की माणूस मन मोकळे करतो. त्या विश्वासाचा गैरफायदा न घेणे हा या विद्येचा गाभा आहे, आणि तो शिकवावाच लागतो.

दिवाणी बाजू कमी गाजते, पण सामाईक सातबाऱ्यांच्या या प्रदेशात तिचे मोल मोठे आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ५९ नुसार मृत्युपत्र करणारा सुबुद्ध असावा लागतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींच्या अंगठ्यावरून भाऊबंद कोर्टात उभे राहतात, तेव्हा सहीच्या दिवशीची अवस्था कुणी, कशी तपासली यावर हापूसची बाग कुणाची ते ठरू शकते. दोन ओळींचा दाखला तेथे उलटतपासणीत टिकत नाही.

रत्नागिरीचे विशेष कारागृह, अलिबाग व सावंतवाडी येथील जिल्हा कारागृहे हेही शिकण्याचे ठिकाण ठरू शकते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०३ मध्ये आजारी कैद्यांच्या उपचाराची तरतूद आहे. अलिबाग व सिंधुदुर्ग येथे २०२१ पासून आणि रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावे लागते. त्यातले काही आठवडे तुरुंग व सत्र न्यायालयासाठी राखून ठेवले, तर पहिल्या साक्षीपूर्वी डॉक्टरने निदान एक उलटतपासणी पाहिलेली असेल.

१८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी व सिंधुदुर्गातील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात. अपिलाच्या सुनावणीत सहसा डॉक्टर स्वतः उभा नसतो. सत्र न्यायालयात नोंदलेली त्याची साक्ष आणि त्याचा अहवाल तेवढा वाचला जातो.