झेंड्याची मागची बाजू

दर वर्षी १२ जानेवारीला सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली असते, गावात गर्दी वाढू लागलेली असते, आणि पुतळ्यांजवळ तिरंगे दिसतात. केशरी, पांढरा, हिरवा, मधे निळं चक्र. त्यात चूक काहीच नाही. पण ज्या निशाणाखाली हे चौघे उभे राहिले, ते निशाण असं दिसत नव्हतं.

६ एप्रिल १९३० रोजी, म्हणजे गांधीजींनी दांडीला मीठ उचललं त्याच दिवशी, अण्णासाहेब भोपटकरांनी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण चढवलं. देशात असं करणारी आपली नगरपालिका पहिली, हे इथं लहानपणापासून ऐकायला मिळतं. (जबलपूरकरांना हे पटणार नाही. टाउन हॉलवरच्या झेंड्यावरून १९२३ साली तिथं वाद पेटला आणि त्यातूनच नागपूरचा झेंडा सत्याग्रह उभा राहिला.) पुढं ८ मेला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, काही दिवस इंग्रजांचा अंमल गावातून उठल्यासारखाच होता, आणि १२ मेपासून ३० जूनपर्यंत मार्शल लॉ लागला. हे सगळं ज्या निशाणाभोवती घडलं, त्या काळच्या काँग्रेसच्या निशाणावर वर पांढरा पट्टा, मधे हिरवा, खाली लाल, आणि तिन्हींवर पसरलेला मोठा चरखा असे. केशरी रंग काँग्रेसनं स्वीकारला तो ऑगस्ट १९३१ मध्ये. तोवर चौघांच्या फाशीला सात महिने होत आले होते.

झेंडा बदलायचा म्हटलं की आपल्याकडे लोक कुलदैवत बदलायला सांगितल्यासारखे दचकतात. जगात मात्र गेली काही दशकं हा विषय जोरात आहे. राज्यांचे झेंडे बदलले, शहरांचे बदलले, एका देशानं त्यासाठी दोनदा मतदान घेतलं. मागणी साधारण एकच असते: झेंडा सोपा करा, त्यावरच्या खुणांना अर्थ असू द्या. त्या मागणीची मुळं बघताना आपल्याच झेंड्याची कथा आधी लक्षात घ्यावी लागते. तो चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा उसवून शिवलेला आहे, आणि बहुतेक वेळा त्यावरून काहीतरी उतरवलेलं आहे.

१९०६ साली कलकत्त्याच्या पारसी बागान चौकात जो झेंडा लागला, त्याच्या वरच्या पट्ट्यात आठ कमळं होती, मधल्या पट्ट्यात ‘वंदे मातरम्’ आणि खाली सूर्य व चंद्रकोर. दुसऱ्याच वर्षी मादाम कामांनी जर्मनीत श्टुटगार्टला जवळपास तसाच झेंडा फडकवला. तो आज पुण्यात केसरीवाड्यात आहे. १९१७ च्या होमरूल झेंड्यावर पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींचे सात तारे, एका कोपऱ्यात चंद्रकोर आणि दुसऱ्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. आपल्या लग्नपत्रिकांसारखं झालं होतं ते. कुणाचं नाव राहायला नको म्हणून सगळ्यांना जागा द्यायची, आणि मग लग्न कुणाचं तेच शोधावं लागतं.

१९२१ मध्ये पिंगली वेंकय्या यांनी बेजवाड्याला (आजच्या विजयवाड्यात) गांधीजींना लाल आणि हिरव्या रंगाचा नमुना दाखवला. चरख्याची सूचना लाला हंसराज यांची. गांधीजींनी पांढरा पट्टा वाढवायला सांगितलं. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा, असा तेव्हा उघड हिशोब होता. संख्येनं कमी असलेल्यांचा मान आधी, म्हणून पांढरा सर्वांत वर. पण रंग जमातींना वाटून दिले की हिशोब कधी मिटत नाही. शीखांनी आमचा रंग कुठाय असं विचारलं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

म्हणून १९३१ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसनं सात जणांची समिती नेमली. पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग, काका कालेलकर, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि पट्टाभि सीतारामय्या. या समितीची शिफारस आज वाचली तर गंमत वाटते. तिनं संपूर्ण केशरी, एकाच रंगाचा झेंडा सुचवला होता, कोपऱ्यात फक्त चरखा. सोपेपणाच्या कसोटीवर याहून पुढं जाता येत नाही. तरीही मुंबईच्या बैठकीत काँग्रेस महासमितीनं ही शिफारस बाजूला ठेवली. तीन रंग कायम राहिले, पण लालच्या जागी केशरी आला, क्रम बदलला आणि मुख्य म्हणजे रंगांची जमातींशी असलेली गाठ सोडली. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा सत्य आणि शांती, हिरवा श्रद्धा आणि पराक्रम. माझ्या मते झेंड्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. कापड थोडंसंच बदललं होतं, अर्थ पुरता बदलला.

उरला चरखा. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. येताना ते दोन झेंडे घेऊन आले होते, एक रेशमी आणि एक खादीचा. चरख्याच्या जागी चक्र का, याचं त्यांनी दिलेलं एक कारण सरळ कापडाचं होतं. चरख्याला एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती. झेंडा दुसऱ्या बाजूनं बघितला की चित्र उलटं. ध्वजाची खूण दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. चरख्यातलं चाक तेवढं ठेवलं तर अडचण उरत नाही, आणि चाकाला सारनाथच्या अशोकस्तंभाचा आधारही मिळतो. चोवीस आरे, दोन्हीकडून तेच. गांधीजी यावर नाराज होते. चरखा नसेल तर त्या झेंड्याला आपण वंदन करणार नाही, इथपर्यंत त्यांनी लिहिलं.

हा मुद्दा सोलापुरात कुणाला समजावून सांगावा लागू नये. आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. जेकार्डवर विणताना एका बाजूला जो रंग नक्षीचा, तोच दुसऱ्या बाजूला जमिनीचा होतो. फुलं, चौकडी, मोर असली नक्षी उलट बाजूनंही खुलते. पण त्याच चादरीत अक्षरं विणली की एका बाजूला नाव सरळ आणि दुसऱ्या बाजूला आरशातलं. पूर्व भागातल्या कुठल्याही मागवाल्याला हे माहीत असतं. कागदावर काढलेल्या चित्राला पाठ नसते. कापडाला असते. झेंडे बिघडतात ते बहुतेक वेळा ही गोष्ट विसरून कागदावर काढल्यामुळे.

सौदी अरेबियाच्या झेंड्यावर कलमा लिहिलेला आहे, आणि तो दोन्हीकडून सरळ वाचता यावा म्हणून दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवावी लागतात. पॅराग्वेच्या झेंड्याच्या दोन बाजूंवर दोन वेगळी चिन्हं आहेत. हौस आहे, शिंपीही आहेत, चालून जातं. आपल्या शेजारी निजामाच्या पिवळ्या झेंड्यावरही मधल्या गोलाच्या वर-खाली मजकूर होता. त्या गोलाला लोक कुलचा, म्हणजे गोल रोटी म्हणत, पहिल्या निजामाला एका अवलियानं खाऊ घातलेल्या कुलच्यांची आठवण म्हणून, अशी दंतकथा. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरहूनच निघालेल्या फौजा नळदुर्गावरून पुढं गेल्या आणि तो झेंडा उतरला. नळदुर्ग, तुळजापूरकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात मजकूर नव्हता, कुलचाच होता.

अमेरिकेत या सगळ्याचं पद्धतशीर शास्त्र झालं. तिथल्या झेंडा-अभ्यासकांच्या संघटनेनं २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या राज्य-प्रांतांच्या झेंड्यांना गुण देऊन घेतले. पिवळ्यावर लाल सूर्यखूण असलेला न्यू मेक्सिकोचा झेंडा पहिला आला. जॉर्जियाचा शेवटचा. त्यावर राज्याची मुद्रा होती आणि खाली पट्टीत आणखी पाच छोटे झेंडे. दोन वर्षांत जॉर्जियानं तो काढून टाकला. याच वर्तुळातल्या टेड के यांनी एका छोट्या पुस्तिकेत पाच नियम मांडले: लहान मुलाला आठवणीतून काढता यावा इतका साधा, अर्थपूर्ण खुणा, दोन किंवा तीन रंग, अक्षरं आणि मुद्रा नकोत, आणि इतरांपासून वेगळा. आयडाहो राज्यातल्या पोकाटेलो शहराच्या झेंड्यावर तर ट्रेडमार्कची खूणही छापलेली होती. २००४ च्या पाहणीत तो दीडशे शहरांत तळाला गेला आणि २०१७ मध्ये शहरानं नवा झेंडा घेतला. आपल्याकडचे नगरसेवकांचे वाढदिवसाचे फलक या पाहणीत धरले असते, तर पोकाटेलो वाचलं असतं.

पण नियमांनी झेंडे बदलत नाहीत. न्यूझीलंडनं १०,२९२ सूचना मागवून घेतल्या, दोन टप्प्यांत मतदान घेतलं, आणि मार्च २०१६ मध्ये ५६.६ टक्के लोकांनी जुनाच झेंडा राखला. नेचाच्या पानाचा नवा नमुना वाईट नव्हता. बदलण्यासारखं देशात काही घडलेलं नव्हतं, एवढंच. याउलट दक्षिण आफ्रिका. सात हजारांवर सूचना आल्या, एकही पसंत पडली नाही, निवडणूक डोक्यावर आलेली. शेवटी फ्रेडरिक ब्राउनेल यांचा नमुना मार्च १९९४ मध्ये घाईघाईत ठरला आणि २७ एप्रिलला फडकला. तो मंडेलांना दाखवायचा तर फॅक्सवर काळा-पांढराच उमटला, मग कुणीतरी दुकानातून रंगीत पेन्सिली आणून भरला, असं सांगतात. तात्पुरता म्हणून आलेला हा झेंडा राहूनच गेला. सहा रंग, म्हणजे पाच नियमांपैकी एक सरळ मोडलेला.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यानं २०२० मध्ये गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्यांची खूण काढून टाकली, पण नव्या झेंड्यावर देवावरच्या विश्वासाचं वाक्य असलंच पाहिजे, असा कायदाच होता. लोकांनी मोठ्या बहुमतानं तो मंजूर केला. मिनेसोटाची तक्रार आणखी खोल होती. जुन्या मुद्रेत गोरा शेतकरी नांगर धरून आणि मूळ रहिवासी घोड्यावरून दूर जाताना, असं चित्र होतं. लांबून फक्त निळ्यावर एक गोल डाग दिसायचा. जवळ गेलं की दुखायचं. २०२४ च्या मे महिन्यात तिथं निळ्यावर आठ टोकांचा तारा आला. निवडलेल्या मूळ नमुन्यात तीन पट्टे होते, तेही समितीनं काढून टाकले. कॅनडानं १९६५ च्या झेंड्यासाठी मेपलच्या पानाची टोकंसुद्धा अकरावर आणली, कारण वाऱ्यात फडकताना आहेत त्याहून जास्त टोकं दिसतात.

लांबून काय दिसतं, ही दुसरी कसोटी आपल्या नौदलाला चांगलीच महागात पडली. १५ ऑगस्ट २००१ रोजी नौदलाच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रूस काढून पांढऱ्यावर निळं चिन्ह ठेवलं. वसाहतीची खूण गेली, अर्थ चोख. पण समुद्र निळा, आभाळ निळं, चिन्हही निळं. जहाजावरचं निशाण ओळखूच येईना, तशा तक्रारी आल्या आणि २००४ मध्ये क्रूस परत आला. तो जायला २ सप्टेंबर २०२२ उजाडलं. कोचीला विमानवाहू नौका विक्रांत नौदलात दाखल झाली त्या दिवशी अष्टकोनी चौकटीचं नवं निशाण आलं, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेलं. महाराष्ट्रात त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्या चौकटीच्या आत जहाजाचा नांगर आहे, त्यावर राजचिन्ह आहे, खाली ब्रीदही आहे. अष्टकोन लांबून दिसतो. बाकीचं जवळ जाऊन बघायचं.

इथं एक आठवण करून द्यावीशी वाटते. सोलापुरात ‘ध्वज’ म्हटलं की आधी कापड आठवेलच असं नाही. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत निघतात ते सात नंदीध्वज म्हणजे उंचच उंच काठ्या, कमरेला पट्टा बांधून तोलत नेलेल्या. गिरणगावच्या पिढीला बावटा म्हणजे लालच. पंढरीच्या वाटेवरच्या पताकेवर तर बहुतेकदा भगव्याखेरीज काहीच नसतं. हे कुठल्याही समितीनं ठरवलेलं नाही.

राज्यांच्या झेंड्यांचा प्रश्न आपल्या उंबऱ्यावरच आहे. महाराष्ट्राला अधिकृत राज्यध्वज नाही. जम्मू-काश्मीरचा नांगर असलेला लाल झेंडा २०१९ मध्ये गेला. कर्नाटकात मात्र १९६० च्या दशकात मा. राममूर्ती यांच्या पुढाकारानं पिवळा-लाल झेंडा रुजला, वर पिवळा, खाली लाल, हळद-कुंकू म्हणा. त्याला अधिकृत रूप देण्यासाठी सिद्धरामय्या सरकारनं मार्च २०१८ मध्ये नवा नमुना केला. मधे पांढरा पट्टा घातला आणि त्यावर राज्याचं गंडभेरुंडाचं, म्हणजे दोन डोक्यांच्या पक्ष्याचं, चिन्ह बसवलं. प्रस्ताव केंद्राकडे गेला, मंजुरी मिळाली नाही. अक्कलकोट ओलांडून सीमेपलीकडं गेलं की चौकातल्या खांबावर आणि रिक्षांच्या काचेवर जुनाच दिसतो, चिन्ह नसलेला. दोन रंगांचं कापड आणि मधे एक शिवण लागते, कुठलाही शिंपी अर्ध्या तासात करून देतो.